टाळूतली सुई

वरची दाढ किडली तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. वलगावात सासरचा भाजीचा मळा होता. इंग्रजांचं राज्य होतं. दातांसाठी लोक नागपूर गाठायचे. पण अमरावतीत एक डॉक्टर नवीनच माडी घेऊन बसला होता. गाल सुजला, भाकरी चावेना, तेव्हा नवऱ्याने मला तिथे नेलं.

माझ्या आधी एक वकिलीणबाई आत होत्या. त्यांच्या घरी आम्ही भाजी पोचवायचो. मध्ये नुसता पडदा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"वहिनी, आधी औषधाचा बोळा ठेवतो. टाळू बधिर झाली की मग सुई. अगदी सावकाश देतो."

बाई हूं की चूं न करता बाहेर आल्या. मला धीर आला.

मला मात्र "तोंड उघड," एवढंच म्हणाला. बोळा नाही, थांबणं नाही. पहिली सुई गालाकडून हिरडीत टोचली, ती मी सोसली. दुसरी टाळूत खुपसली आणि औषध एका दमात दाबलं. टाळू हाडापासून सोलून काढावी तसं झालं. मी किंचाळून त्याचा हात धरला.

"हात सोड! उन्हातान्हात राबणारी माणसं तुम्ही. एवढ्याशा सुईने काय होतं?"

"कावून? आमाले दुखत नाई का?"

तो हसला. नवरा पडद्याशी उभा राहून ऐकत होता. जिना उतरताना म्हणाला, "डागदरसंग असं बोलतेत काय?" ते मी अजून विसरले नाही.

पुढे आम्ही अकोल्याला मळा करायला गेलो. तिथे खालची दाढ दुखू लागली. लवंग धरून, मिठाच्या गुळण्या करून मी कितीतरी दिवस ढकलले. शेवटी गेले. हा डॉक्टर म्हातारा होता. या दाढेसाठी सुई जबड्याच्या पार मागे द्यावी लागते, म्हणाला. मी खुर्ची घट्ट धरली. त्याने बोळा ठेवला, थांबला, वांग्यांवर कीड पडली का विचारत राहिला.

"झालं, माय."

मुंगी चावावी, तेवढंच. मी विचारलं, "आन् टाळूतली सुई?"

"ते जराशी दुखतेच. पण बोळा ठेवून हळू देल्ली तं सोसते. घाईनं दाबली तं जीव घेते."

घरी येऊन मी ढसाढसा रडले. नवऱ्याला वाटलं, फार दुखलं.

"नाई दुखलं," मी म्हणाले. "म्हणूनच रडून राहिली."

त्याला काही कळलं नाही.

नंतर दिराच्या लग्नाला वलगावला जाताना मी अमरावतीत उतरून त्या माडीवर चढले. डॉक्टर एकटाच पेपर वाचत होता.

"त्या दिवशी मले बोळा कावून नाई लावला?"

त्याने मान वर केली. ओळख काही पटली नाही.

"कोणती दाढ? बस खुर्चीत."

मी तेच पुन्हा विचारलं.

"बसायचं नसेल तर चालू लाग," म्हणाला आणि परत पेपरात तोंड घातलं.

लग्नघरी सगळ्या विचारू लागल्या, तोंड असं कावून उतरलं? दात दुखून राहिला, असं मी सांगितलं.