आत्याच्या लेन्सला बुरशी नव्हती

आधी एक दुरुस्ती. भोपाळवरच्या मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की आत्याच्या जुन्या पन्नास एमएम लेन्सला आतून बुरशी लागली आहे, म्हणून तिनं काढलेले तळ्याचे फोटो धूसर आले. ते चुकीचं होतं. लेन्स ठणठणीत आहे. हा लेख आत्याला फोनवर वाचून दाखवूनच टाकते आहे. ती म्हणाली, "लिही. पण आधी लेन्सची बदनामी मागे घे."

मागचा लेख वाचून एका वाचकानं कळवलं होतं, की बुरशी एका लेन्सवरून दुसरीला लागते, लवकर साफ करून घ्या. माझा जीव लगेच टांगणीला. लेन्स नागपूरला आणून दुरुस्तीवाल्याला दाखवायची ठरवली आणि भोपाळला निघाले.

सकाळच्या गाडीनं दुपारी भोपाळच्या राणी कमलापती स्टेशनला उतरता येतं. (आत्या अजून जुन्या नावानं हबीबगंजच म्हणते.) तिथून आत्याच्या घरी, कोटरा सुल्तानाबादला, ऑटोवाले मनाला येईल ते सांगतात, ॲपवरून बोलावलेली बरी. दारातच आत्या म्हणाली, "काय गं मनू, परीक्षेला आल्यासारखं तोंड?"

असणारच. बाबांच्या सारख्या बदल्या, म्हणून चौथीपर्यंत मी आत्याकडे राहून घरीच शिकले. ती सरकारी कारखान्यात नकाशे काढायची. संध्याकाळी मला पाढे आणि रविवारी कॅमेरा.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत बडा तालाब गाठला. वाटेत शेव घातलेले पोहे आणि गरम जलेबी. ज्यांना जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लावायची आहे त्यांच्यासाठी: मध्ये एक अडॅप्टर लागतो, आणि मेनूत 'लेन्स नसतानाही फोटो घे' हे चालू करावं लागतं. नाहीतर कॅमेऱ्याला लेन्स दिसतच नाही आणि तो ढिम्म बसतो. फोकस मात्र हातानंच.

मी एका बदकावर फोकसची कडी फिरवत बसले. नाववाला म्हणाला, "दीदी, इतना घुमाओगी तो बत्तख अंडे देके चली जाएगी."

"भैया, सब्र करो, हमारी ही शागिर्द है," आत्या म्हणाली आणि कॅमेरा स्वतःकडे घेतला.

तिची पद्धत मला पाठ आहे. कडी मुद्दाम पुढे न्यायची, चित्र पुसट होऊ द्यायचं, मग सावकाश परत आणायची. "ओलांडल्याशिवाय जागा कळत नाही," ती म्हणायची. त्या सकाळी तिनं ओलांडलं, परत आली, पुन्हा ओलांडलं. बोटं कुठे थांबेचनात.

"बुरशीच आहे," म्हणत तिनं कॅमेरा मला दिला.

मी तेच बदक टिपलं. पंखावरचा पाण्याचा थेंब न् थेंब स्वच्छ आला. तिला दाखवायला गेले आणि गडबडीत पडद्यावर माझाच आधीचा हललेला फोटो आला. आत्यानं चष्म्यातून निरखून पाहिला. "वा! काय स्वच्छ आलाय."



घरी येऊन लेन्स काढली आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारला. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. धुळीचे दोन-चार कण सोडले तर काच नितळ.

"सापडली?" स्वयंपाकघरातून आत्यानं विचारलं.

"नाही."

भांड्यांचा आवाज थांबला. ती हात पुसत बाहेर आली. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर कधीचा सांगतोय. मनू, जन्मभर मी नजरेवर पोट भरलं. तिलाच चाकू लावू द्यायचा? बिघडलं म्हणजे?"

"आणि पिकत ठेवलं म्हणजे?"

"बघू, दिवाळीनंतर."

मला पाढे चुकले की ती रागवायची नाही, शेजारी बसून पुन्हा म्हणायला लावायची. मीही शेजारी बसले. "आत्या, बुरशी कुणाला आहे, खरं सांग," म्हटल्यावर ती हसली, आणि मग डोळ्याला पदर लावला. "एकटी नाही जाणार मी," एवढंच म्हणाली.

नागपूरला परत येऊन मोठ्या पडद्यावर फोटो पाहिले. तिनं काढलेले सगळे अस्पष्ट आहेत, पण चौकट एकाचीही वाकडी नाही. पुसवले नाहीत. ती ऐनवेळी मागे फिरेल ही धास्ती अजून आहे, म्हणून तिच्यादेखत फोन लावून डॉक्टरांची वेळ घेतली होती. बुधवारी मी पुन्हा भोपाळला निघते आहे. येत्या गुरुवारी सकाळी तिचा हात धरून नेणार.