धरण्याच्या सह्यांची वही

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी दहा. जमा रक्कम बारा हजार आठशे. चौसष्ट घरांचे प्रत्येकी दोनशे. हजर: बाळकुमच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, खजिनदार म्हणून मी, आणि निवडणुकीच्या तयारीला लागलेले एक स्थानिक पुढारी. ठरलं ते असं: पाणी दिवसाला वीसच मिनिटं येतं, म्हणून पाणीखात्याच्या कार्यालयासमोर मूक धरणं धरायचं.

पुढाऱ्यांवर माझा विश्वास नव्हता.

"माझी पन्नास पोरं आणतो, साहेब," ते म्हणाले.

"पोरं नकोत. वहीत सही करील तोच बसेल."

नाव, फ्लॅट, फोन, सही. गप्प बसण्यात ताकद असते हे मान्य. पण गप्प गर्दीत कोणीही घुसू शकतं.

मुलीनं पेन हातात घेऊन विचारलं, "बाबा, बँकेच्या नोकरीचं पोलीस व्हेरिफिकेशन बाकी आहे माझं. करू ना सही?"

"अगं, तोंड बंद ठेवून बसायचंय. त्याला गुन्हा कोण म्हणेल?"

तिनं सतराव्या क्रमांकावर सही केली.

आम्ही एकेचाळीस जण तीन तास बसलो. एकही घोषणा नाही. "आमचे हे एवढा वेळ गप्प लग्नातही बसले नव्हते," शेजारच्या काकू कुजबुजल्या, तेवढाच आवाज. पाणीखात्याचे इंजिनियर स्वतः बाहेर आले, पाण्याची वेळ वाढवण्याचं लेखी देऊन गेले. आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो, तेव्हा रस्त्यापलीकडून दगड आला आणि कार्यालयाची दर्शनी काच खाली आली. टपरीपाशी सकाळपासून उभे असलेले सात-आठ जण पांगले. पुढाऱ्यांचीच माणसं होती का? मला संशय आहे. शपथेवर सांगता येणार नाही.

पोलीस आल्यावर मीच वही पुढे केली. आमच्यातलं कोणी नव्हतं, हे दाखवायचं होतं.

हवालदारानं पानं उलटली. "बरं झालं, काका. आमचं काम वाचवलंत."

पळालेल्यांची नावं कोणाकडेच नव्हती. आमची होती. आठवड्याभरात चौकशीच्या एकेचाळीस नोटिसा आल्या.

पाणी मात्र चाळीस मिनिटं येऊ लागलं. इंजिनियर म्हणाले, "काच भरून द्या, तक्रार मागे घेतो."

"भरली म्हणजे आपणच फोडली!" सेक्रेटरी मीटिंगमध्ये भडकले. त्यांचं बरोबर होतं. सगळ्यांनी नकार दिला, मीही हात वर केला. घरी आलो तर मुलगी बँकेच्या फॉर्मसमोर बसलेली. आपल्याविरुद्ध कोणतीही तक्रार प्रलंबित आहे का, या रकान्यापाशी थांबलेली.

सोमवारी वर्गणीला हात न लावता मी स्वतःचे चार हजार सहाशे रुपये कार्यालयाच्या रोखपालाकडे भरले. पावती माझ्या नावावर आहे. कारणाच्या रकान्यात: मोडतोडीची भरपाई.