शेजाऱ्यांची बशी

आयर्लंडमध्ये, लेटरकेनीला मुलीकडे राहायला आले, तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन मला एक वर्ष झाले होते. मुलगी इथल्या रुग्णालयात डॉक्टर आहे. ती कामावर गेली, की मी घरात एकटी; गाडीवाचून इथे कुठेही जाता येत नाही.

पलीकडच्या घरातील मध्यमवयीन गृहस्थांनी एकदा बशीभर सफरचंदाचा टार्ट आणून दिला. भांडे रिकामे परत करू नये, हा आपला रिवाज. मी बेसनाचे लाडू केले, त्यांच्या बशीत सात मांडले आणि सकाळी अकराला, आपल्याकडे जातात तशी, हाक मारत मागच्या दाराने आत गेले.

स्वयंपाकघरातील टेबलावर वर्तमानपत्र पसरले होते. त्यावर दोन पिस्तुले आणि चिकटपट्टीने गुंडाळलेली, विटेएवढी पुडकी होती. त्यांनी घाई केली नाही. कागदाची कडा दुमडून सारे झाकले, बशी घेतली, एक लाडू खाल्ला.

"ग्रँड आहेत हो! ती लाल गाडी तुमच्या मुलीचीच ना? रोज त्याच रस्त्याने जाते. एकटीच."

"हो," मी म्हणाले.

मुलीला काही सांगितले नाही. या सीमाभागातील, ब्रिटिश राजवटीविरुद्धचा जुना सशस्त्र संघर्ष तिनेच मला समजावला होता: समझोता झाला, बहुतेकांनी शस्त्रे खाली टाकली, काहींनी टाकली नाहीत, आणि त्यांतलेच काही आता अमली पदार्थ विकतात. तिला कळले असते, तर ती तडक पोलिसांकडे गेली असती. आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने कामावर.

आठवड्याने बशी आमच्या पायरीवर आली. घासलेली, वर चार स्कोन, म्हणजे इथले गोडसर छोटे पाव. भरून परत द्यावी, तर येणेजाणे वाढते. रिकामी द्यावी, तर माझ्या मनात काय आहे ते त्यांना कळते.

शनिवारी दोन पोलीस घरोघर चौकशी करत आले. शेजारी काही वेगळे दिसले का? बशी ओट्यावर निथळत होती.

"नाही," मी म्हणाले.

ते गेल्यावर मुलगी हसली. "आई, तुला काहीच दिसलं नाही? शेवटच्या बाकावरची चिठ्ठी सुटायची नाही तुझ्या नजरेतून!"

"म्हातारी झाले आता."

"काहीतरीच तुझं. चल, येते गं."

मी खिडकीत उभी राहिले. शेजारी फाटकाशीच होते. त्यांनी तिला हात केला, तिनेही हसून केला. गाडी वळल्यावर त्यांनी आमच्या खिडकीकडे पाहिले.

मी बेसन काढले. ते मंद आचेवरच भाजावे. आच वाढवली तर करपते, आणि तो वास मग लपत नाही. लाडू पुन्हा सातच मांडले. या वेळी पुढच्या दाराशी गेले, घंटा वाजवली आणि दार उघडेपर्यंत पायपुसण्याकडे पाहत उभी राहिले.