सुपाएवढे कान

माझी बायको गेली आणि जाताना सात मुलं माझ्या गळ्यात टाकून गेली. त्यातली सहा शेजाऱ्यांची होती.

सातवी आमची नात, इरा. वय वर्षं पाच. नंदा, म्हणजे माझी बायको, दर रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये सोसायटीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना चित्रं काढायला शिकवायची. सोसायटी म्हणजे काय, गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतली लहानशी इमारत. सगळ्यांची एकच पाण्याची टाकी आणि सगळ्यांना सगळ्यांच्या चौकशा. थंडीत नंदाला ताप भरला. टॉवेल, कंगवा असं काहीबाही पिशवीत घालून तिला दवाखान्यात नेलं. आठवड्याभराने मी, मुलगा सचिन आणि सून केतकी, आम्ही तिघं ती पिशवी तेवढी घेऊन घरी आलो.

दिवसकार्य झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी बेल वाजली. दारात सहा मुलं, सहा खडूंच्या पेट्या.

"आजी कुठाय?" कबीरने विचारलं. (हा सोसायटीचे सेक्रेटरी सोनवणे यांचा चिरंजीव. बापाचं पद त्याच्या अंगात आलेलं.)

"आजी नाहीये, बाळा."

"मग कधी येणार?"

मी दाराची कडी उगाच खालीवर केली. 

"बरं, तोपर्यंत तुम्ही शिकवा," असं म्हणून कबीर माझ्या लेंग्याच्या बाजूने आत शिरला. त्याच्यामागे बाकीची वरात!

आता मी कोण? सिन्नरच्या बसस्टँडवरचा निवृत्त कंट्रोलर. जन्मभर माइकवरून "घोटीमार्गे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे" एवढंच शिकलेलो. शाळेत असताना एकदा आंबा काढला होता, तर गुरुजींनी "वांगं बरं जमलंय" म्हणून पाठ थोपटली होती. पण गर्दी कशी सांभाळायची हे मला माहीत होतं. मी मुलांना रांगेत बसवायचो आणि बस काढायला लावायचो. चौकोन आणि दोन चाकं. दर रविवारी बस. जानेवारीत बस, फेब्रुवारीत बस. मार्चमध्ये तन्वी नावाच्या मुलीने विचारलं, "आजोबा, ही बस कुठे पोचतच नाही का?"

या सगळ्यात इरा मात्र कधीच बसायची नाही. आजी गेल्यापासून तिने हातात खडू धरला नव्हता. रविवारी ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसायची आणि तिथून सगळं बघायची. तसं आमचं सगळं घरच टेबलाखाली जाऊन बसल्यासारखं होतं म्हणा! नंदाचं नाव काढायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता, पण तिघंही काटेकोर पाळत होतो. एकदा तर "आईच्या हातची आमटी" असं म्हणता म्हणता सचिनने मध्येच "आई... आईस्क्रीम आणू का?" असा वाक्याचा हँडल फिरवला. आणलंही बिचाऱ्याने. आम्ही गपगार बसून खाल्लं.

शेवटी केतकी म्हणाली, "बाबा, बस पुरे आता. माझ्या मैत्रिणीच्या बालवर्गात एक छान गोष्ट करून घेतात. मुलांच्या हातात आरसा द्यायचा, स्वतःचं चित्र काढायला सांगायचं आणि मला काय चांगलं येतं, ते त्यात दाखवायचं. मुलांना स्वतःबद्दल बरं वाटतं. कदाचित इरापण..." एवढं म्हणून ती उठली. कुकर लावायला गेली.

कल्पना उत्तम होती. फक्त सात मुलं आणि घरात आरसे तीन!

माझा दाढीचा आरसा कबीरने पटकावला. केतकीच्या पर्समधला डबीएवढा आरसा तन्वीला मिळाला. त्यात तिचं फक्त नाक मावायचं, म्हणून तिने आधी कागदभर नाकच काढलं. बाकीच्यांना मी स्टीलची ताटं आणि डाव दिले. डावाच्या खोलगट बाजूत स्वतःला उलटं बघून एक मुलगा रडायला लागला, "मी पडलो, मी पडलो!" त्याला समजावेपर्यंत मुलांतलीच गौरी कपाटातून तिसरा आरसा घेऊन आली.

तो नंदाचा होता. हातात धरायचा, प्लॅस्टिकच्या दांड्याचा. त्याच्या कोपऱ्यात तिने चिकटवून ठेवलेली टिकली तशीच होती. गौरी ती नखाने खरवडायला लागली.

"हात लावू नकोस!"

असा आवाज मी स्टँडवरसुद्धा कधी लावला नव्हता. सगळी मुलं थिजली. एकाच्या हातातला डाव पडला, तो फिरत फिरत सोफ्याखाली गेला. गौरीचा ओठ थरथरायला लागला. तेवढ्यात टेबलाखालून एक हात बाहेर आला, त्याने गौरीच्या हातातला आरसा अलगद काढून घेतला आणि परत आत गेला. मग तोच हात पुन्हा बाहेर आला आणि एक कागद घेऊन गेला.

मी काही बघितलंच नाही असं दाखवलं. 

"हं, सांगा," मी विषय बदलला, "कुणाला काय चांगलं येतं?"

"मला काहीच येत नाही," एक म्हणाला. लगेच सगळ्यांनाच काही येईना. खोकल्यासारखं पसरलं ते.

"असं कसं? प्रत्येकाला काहीतरी येतंच!" मी ठणकावून सांगितलं. (मनात म्हटलं, मला विचारू नका म्हणजे झालं.)

"मला नाकातून दूध काढता येतं," तन्वी म्हणाली. "दाखवू?"

"नको! चित्रात दाखव."

गौरी अजून मुसमुसत होती. घोटीजवळच्या एका खेड्यातून ती आईबरोबर शिकायला इथे मामाकडे आली होती. वडील, ज्यांना ती दादा म्हणायची, ते तिकडेच, भातशेतीत. मी तिच्याजवळ बसलो. "चुकलं माझं, गौरी. सांग, तुला काय येतं?"

"मला लय लांबून हाक मारता येती," ती नाक पुसत म्हणाली. "दादा शेतात असला ना, मी घरनं हाक मारायची. त्याला आयकू जायची. मारू?"

मी "नको" म्हणायच्या आत तिने मारली. "दाऽऽऽदाऽऽऽ!" समोरच्या इमारतीवरची कबुतरं उडाली. खालच्या मजल्यावर काहीतरी फुटलं. आणि मग ती हळूच म्हणाली, "हितनं नाय जात आयकू."

 मी तिला मोठा कागद दिला.

इराने कागद घेतला म्हणून केतकीला इतका आनंद झाला होता, की तिने त्याच संध्याकाळी सगळ्या आईबापांना बोलावून घेतलं. चित्रं कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी टांगली. चहा झाला, चिवडा झाला. सोनवणे सेक्रेटरी पुढे होऊन आपल्या मुलाच्या चित्रासमोर उभे राहिले.

"वा! दार उघडणारा हा तू. आणि सोफ्यामागे हा कोण?"

"तुम्ही," कबीर म्हणाला. "मला 'पप्पा घरी नाहीत' असं चांगलं सांगता येतं."

हॉलमधल्या सगळ्यांच्या माना सोनवण्यांकडे वळल्या. त्याचं कारण असं, की उन्हाळा लागल्यापासून इमारतीची टाकी रोज दुपारी रिकामी व्हायची. का, ते कुणालाच कळेना. प्लंबर दोनदा येऊन गेला, फळ्यावर 'पाणी जपून वापरा' लागलं, लोक जाब विचारायला सोनवण्यांकडे जायचे आणि साहेब कधी भेटायचेच नाहीत.

"लहान आहे, काहीही काढतो!" सोनवणे घाईघाईने पुढच्या चित्राकडे सरकले. "आणि हे? हे कुणाचं?"

ते इराचं होतं. दोरीच्या टोकाला तिने स्वतःच नेऊन लावलं होतं. मीही तेव्हाच पाहिलं. एक बारीकशी मुलगी, दोन वेण्या, आणि कान! प्रत्येक कान सुपाएवढा, कागदाच्या कडेला टेकलेला.

"अगंबाई, एवढे मोठे कान?" सोनवणेवहिनी हसल्या.

"मला चांगलं ऐकू येतं," इरा म्हणाली.

"हो? काय काय ऐकू येतं?"

"आजोबा दुपारी बाथरूममध्ये नळ सोडतो आणि रडतो. नळाचा मोठा आवाज असतो, तरी मला ऐकू येतं. बाबा खाली गाडीत बसून रडतो, काचा वर करून. मी गॅलरीतून ऐकते. आणि आई कुकरच्या शिट्ट्या होतात तेव्हा."

 मी चहाचा कप बशीसकट खाली ठेवला.

"म्हणजे टाकी..." सोनवणे हळूच म्हणाले.

"अहो, गप्प बसा!" वहिनींनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला, की बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (त्या संध्याकाळी सगळ्यात आधी तेच रडले, हे मी आजही सांगतो.)

सचिन माझ्याजवळ येऊन बसला. 

"बाबा, नळ कशाला सोडायचा?"

"तुला ऐकू जाऊ नये म्हणून. तू कसाबसा सावरलायस असं वाटायचं. तू गाडीत का बसतोस?"

"तुम्हाला दिसू नये म्हणून."

"आणि मी!" केतकी पदराने डोळे पुसत म्हणाली, "तीन शिट्ट्यांच्या जागी आठ-आठ शिट्ट्या! रोज डाळीचा लगदा होतोय, तुम्ही दोघं एक अक्षर बोलत नाही, मला वाटलं तुम्हाला तशीच आवडते!"

"भयंकर असायची," सचिन म्हणाला. आणि तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचं जे रडं फुटलं ते लहानपणी सायकलवरून पडला होता तेव्हासारखं, तोंड उघडून, मोठ्याने. "आईची आमटी..." एवढंच तो म्हणत होता. मीही रडलो. नळाशिवाय. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला, चांगला नव्हता. इरा आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली आणि तिने दोन्ही हातांनी आपले कान झाकून घेतले. मग तीही रडली. आजी गेल्यापासून पहिल्यांदा.

शेजारीपाजारी अवघडून उभे. जावं तर वाईट दिसतं, थांबावं तर चिवडाही संपलेला! अशा वेळी गौरी पुढे आली.

"आजीला हाक मारू का? जोरात मारते."

तिची आई तिला मागे ओढायला लागली, पण मीच म्हणालो, "मार."

ती गॅलरीत गेली. तिच्यामागे सगळी मुलं गेली, इराही गेली. आणि त्या सात जणांनी कठड्याला नाकं लावून अशी हाक मारली, "आऽऽऽजीऽऽऽ!", की गल्लीतल्या एकूण एक आज्या बाहेर आल्या. कुणाच्या हातात भाजी, कुणाच्या हातात जपमाळ. समोरच्या इमारतीतून एकीने "काय रे बाळांनो?" म्हणून विचारलंसुद्धा. एवढ्या आज्या! मी प्रत्येक गॅलरी बघून घेतली. खरंच सांगतो, प्रत्येक.

मुलंही बघत होती. मग इरा वळली आणि म्हणाली, "नाही येणार ती." पहिल्यांदाच कुणीतरी ते आमच्या घरात स्पष्ट बोललं.

सगळे गेल्यावर तिने माझ्यासमोर आरसा धरला. "आता तू काढ."

"मला नाही येत गं."

"प्रत्येकाला काहीतरी येतंच. तूच म्हणालास."

मी खडू घेतला. इरा शेजारी बसून सूचना देत होती. "कान मोठे काढ. तुला बाबाचं रडणं ऐकूच आलं नाही, म्हणून आता मोठे पाहिजेत. अजून मोठे." कान झाले. रडून सुजलेलं नाक आरशात दिसलं तसं प्रामाणिकपणे काढायला गेलो, तर हात घसरला आणि ते हनुवटीच्या खाली गेलं. पोट मी थोडं कमी काढलं होतं, पण इराने ते खोडून खरं काढायला लावलं.

केतकीने ते चित्र नंदाच्या फोटोशेजारी भिंतीवर लावलं. तिथेच लाव म्हणून इराचा हट्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या पाटीलकाकू भेटायला आल्या. चपला दाराबाहेर काढून आत आल्या, नंदाच्या फोटोला नमस्कार केला. मग शेजारच्या चित्रापुढे हात जोडले, डोळे मिटले, दोन्ही गालांवर हलकेच चापट्या मारून घेतल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, गणपती किती साजरा काढलाय हो! तुमच्यात ही कला आहे हे वहिनींनी कधी सांगितलंच नाही."

सचिन तोंडात टॉवेल कोंबून आत पळाला. मी काय करणार? एवढ्या भक्तिभावाने माझ्याकडे आजवर कुणी, अगदी नंदानेसुद्धा, पाहिलं नव्हतं. काकूंनी पर्समधून एक जास्वंदीचं फूल काढलं, माझ्या चित्राच्या डोक्यावर खोचलं आणि विचारलं, "मोदक नाही काढलात?"

"विसरलो," मी म्हणालो, आणि उजवा हात वर करून त्यांना आशीर्वाद देऊन टाकला.