पांढरे ठिपके आणि पाच घरं

माशांच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. टाकीच्या तळाशी गाळ साचतो तसे ते साचतात, आणि चार माणसं जमली की कुणीतरी ढवळतंच. "दिलीपभाऊ, ते वालूरचं सांगा की!" मी सांगतो. सगळे हसतात, मीही हसतो. पण ज्या दहा दिवसांतले हे किस्से आहेत, त्या दहा दिवसांत माझ्या तोंडावर हसू नव्हतं. पँट ढिली झाली होती माझी, काळजीनं!

परभणीत माझं अ‍ॅक्वेरियमचं छोटं दुकान आहे. मी मुळातच काळजीखोर. कुलूप लागलंय का ते बघायला कोपऱ्यावरून दोनदा परत येणारा माणूस. त्यामुळे दुकानाचा नियम कडक. नवा लॉट आला की पंधरा दिवस मागच्या खोलीत, वेगळ्या टाकीत. जाळी वेगळी, बादली वेगळी. तोवर कुणी कितीही विनवण्या केल्या तरी एक मासा बाहेर द्यायचा नाही.

हा नियम मी एकदाच मोडला. जानेवारीचे दिवस, आपल्या परभणीची ती हाडात शिरणारी थंडी. हैदराबादहून लॉट आला आणि पिशव्या सोडायच्या आत पाच गिऱ्हाईकं दारात. "एवढ्या लांबून आलो भाऊ, मोकळ्या हातानं पाठवता का?" मी पडलो भिडस्त. दिले! दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्यांतल्या एका माशाच्या शेपटीवर रव्याच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसला. दुपारपर्यंत चार झाले.

ठिपका म्हणजे परजीवी. माशाच्या कातडीखाली बसून त्यालाच खातो. पोट भरलं की गळून तळाशी जातो, तिथं एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा मासा शोधत निघतात. कातडीखाली आहे तोवर औषध त्याला शिवत नाही. पाण्यात मोकळा पोहताना सापडला तरच मरतो. म्हणून औषध पुन्हा पुन्हा द्यायचं, पाणी हळूहळू कोमट करायचं, तळ साफ करत राहायचा. हे सगळं मला पाठ आहे. आणि पाच घरांत तो मीच पोचवला होता!

चार घरांची मला काळजी होती. पाचव्याची भीती. ते घर चारठाण्याच्या बाबूमामांचं. मामा रिटायर्ड बस कंडक्टर, घरात एकटे. त्यांचा ऑस्कर मासा अकरा वर्षांचा. मुलगा पुण्याला नोकरीला निघाला तेव्हा हा मासा बोटाएवढा होता, आता ताटाएवढा झालाय. डेपो मॅनेजरसारखा रोखून बघतो म्हणून मामांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलेलं. मुलगा फोनवर आधी साहेबाची चौकशी करतो, मग बापाची. त्या साहेबाला सोबत म्हणून मामा माझ्याकडून दोन सिल्व्हर डॉलर मासे घेऊन गेले होते, त्याच लॉटमधले. साहेब मेला तर मामा त्या घरात बोलणार कुणाशी? मला दुसरं काही सुचेना.

●

पहिलं घर गावातलंच, एका बालरोगतज्ज्ञांचं. दवाखान्यात पोरांनी रडू नये म्हणून त्यांनी टाकी ठेवलेली. मी कान पकडून चूक कबूल केली, औषध दिलं आणि म्हणालो, "पाण्याचं टेम्परेचर वाढवायचं, रोज थोडं थोडं."

"आयुष्यभर मी टेम्परेचर उतरवत आलो हो!" ते म्हणाले. पण हीटर लावला, हवेचा पंप वाढवला, सगळं शिस्तीत केलं. डॉक्टर माणूस, मी निर्धास्त झालो.

चौथ्या दिवशी जाऊन बघतो तर हीटर बंद, औषधाची बाटली कपाटात. "ठिपके गेले की! मासा नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले. ठिपके गेले म्हणजे परजीवी खाली पडलेत, मेलेले नाहीत. पण एवढ्या मोठ्या डॉक्टरला कसं सांगायचं? मी नुसता टाकीसमोर उभा.

बाजूला एका पोराला तोलणाऱ्या सिस्टर वर न बघता म्हणाल्या, "सर, रोज इथं बसून तुमीच आयांवर वरडता ना? 'बरं वाटलं म्हणून औषध बंद केलं का? कोर्स कोण पूर्ण करणार, तुझा बाप?'"

डॉक्टरांनी गुपचूप हीटर लावला.

●

त्याच दिवशी ठरवलं, मामांना फोन करायचाच. अर्धा तास काय बोलायचं त्याची घोकंपट्टी केली. फोन लावला. पलीकडून खणखणीत "हॅलो!" आलं आणि घोकलेलं सगळं विसरलो.

"मामा," मी म्हणालो, "तिळगूळ घ्या, गोड बोला!" आणि फोन ठेवून दिला.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते.

●

दुसरं घर शांताकाकूंचं. मोली माशांच्या तीन जोड्या. सुनेचा फोन आला, "भाऊ, माशांवर पांढरं पांढरं दिसायलंय." मी म्हणालो, "वहिनी, घाबरू नका. मोलीला मीठ मानवतं. खडेमीठ पाण्यात विरघळवून थोडं थोडं टाका, मी येतोच."

पोचायला मला तासभर लागला. टाकीजवळ गेलो तर पाण्यावर सात लाल मिरच्या तरंगत होत्या! तळाशी मोहरी पसरलेली, फिल्टरमध्ये मोहरी अडकून त्याचा घर्र घर्र आवाज येत होता. झालं होतं असं, की सुनेच्या तोंडून 'मीठ' ऐकलं आणि काकूंनी सगळं ताडलं. मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेऊन टाकीवरून सात वेळा ओवाळल्या, दृष्ट काढली आणि भाऊंनी पाण्यात टाकायला सांगितलंय म्हणून सगळंच पाण्यात टाकलं.

मिरच्या काढल्या, निम्मं पाणी बदललं, फिल्टर धुतला. मोलीच त्या, चिवट! मीठ मानवलं, पुढच्या आठवडाभराच्या औषधानं सगळ्या वाचल्या. पण काकू काही त्याचं श्रेय औषधाला देईनात.

"एवढ्या मिरच्या टाकल्या, पन जरा तरी ठसका आला का?" त्यांनी मला विचारलं.

"पाण्यात कसा येईल काकू?"

"न्हाई ना आला? मंग! लय मोठी नजर होती!"

●

घरी माझं वेगळंच चाललं होतं. मला जिथं तिथं ठिपके दिसत होते. भाकरीवर, भिंतीवर, शर्टावर. चतुर्थीला बायकोनं साबुदाण्याची खिचडी केली. मी ताट उजेडाकडं धरून एकेक दाणा निरखायला लागलो.

बायको म्हणाली, "खायची तर खा, नाहीतर राहू द्या. पण तिच्याकडं असं रोगी असल्यासारखं बघू नका!"

●

तिसरं घर ताडकळसचं. गणेशचं मोबाइलचं दुकान आहे, काउंटरवर छोटी टाकी. ठिपके अजून दिसत नव्हते. मी जरा सुटकेचा श्वास घेतला. मागं खाटेवर गणेशचे वडील बसले होते. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला, डोळ्याला जाड चष्मा.

"त्यो लाल मासा बगा," ते म्हणाले, "सकाळधरनं दगडाला अंग घासायलाय. मेंढरू असंच काट्याच्या कुपाटीला घासतंय गोचीड झाल्यावर. त्याच्या अंगात काय तरी हाय."

मी वाकून बघितलं. खरंच घासत होता! ठिपके दिसायच्या आधीची हीच खूण. मला शिकायला कैक वर्षं लागली होती ती म्हाताऱ्यानं खाटेवरून ओळखली. मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

"तुमी काय करता बाबा, मेंढरांना असं झाल्यावर?"

"हौद भरायचा, औषध कालवायचं, आन एकेक मेंढरू धरून बुडवायचं." मग त्यांनी टाकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा काळजीनं भरून गेला. "पन तुमी कसं करता ओ? हे तर बुडलेलंच हाय!"

●

चौथं घर, सगळे फर्माईश करतात ते वालूरचं. माणिकराव कापूस-सोयाबीनवाले, हॉलमध्ये नातीसाठी टाकी. ठिपके आलेच होते. मी फोनवर निळ्या औषधाचा डोस सांगायला लागलो, लिटरला किती थेंब वगैरे.

"लिटरचं ऱ्हाऊ द्या," माणिकराव म्हणाले. "पंपाला किती?"

आता ज्याची हयात फवारणीत गेली त्याला पंपाचाच हिशोब समजणार. मी बसून गणित केलं. टाकी म्हणजे फवारणीचे चार पंप पाणी, पंपाला इतके थेंब. त्यांनी बरोब्बर म्हणून दाखवलं. मी फोन ठेवला, पाणी प्यायलो आणि पेला हातातच राहिला. पंप! हा माणूस खरोखर पंपानं तर औषध देणार नाही? कापसावरच्या विषारी औषधाचा पंप? नुसत्या वासानं टाकी साफ होईल!

फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. दुकान बायकोवर टाकून गाडीला किक मारली. वालूर येईपर्यंत मी किती देवांना काय काय कबूल केलं ते अजून फिटायचं आहे.

दार माणिकरावांनी उघडलं. मिशा निळ्या! कपाळ निळं, बनियन निळी. मागची भिंत निळी, टीव्ही निळा. आणि पाठीवर पंप.

"पंप कापसाचा आहे का?" मी दारातूनच ओरडलो.

"येडा हाय का मी? नवाकोरा पंप हाय. तुमच्या माशापायी आज शिक्का फोडला."

मी भिंतीला टेकलो. पाठ निळी झाली ती नंतर बायकोनं दाखवली. टाकीत मासे फिरत होते. औषध पाण्यात कमी आणि हॉलमध्ये जास्त गेलेलं, एवढंच. राहिलेला डोस मी हातानं मोजून टाकला.

"माणिकराव, पण एवढ्या बंद घरात कशाला फवारलं?"

ते माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत राहिले. "दार-खिडक्या मीच लावल्या ना! वाऱ्यात औषध उडतंय!"

वालूरहून चारठाणा काही फार लांब नाही. फाट्यावर मी गाडी थांबवली. तिकडं वळायचं पक्कं ठरवलं होतं. गाडी वळली परभणीकडं. लाज वाटली, अजून वाटते.

●

दहाव्या दिवशी बायकोनंच गाडीची चावी माझ्या हातात दिली. "आज चारठाण्याला तुम्ही जा, नाहीतर मी जाते."

गेलो. मामांचं दार उघडंच होतं. आत नजर गेली. साहेबाची टाकी वरपासून खालपर्यंत गोधडीनं झाकलेली होती. मेलेल्या माणसावर घालतात तशी!

"मामा..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"कोन, दिलीप? ये, ये. थंडी बग केवढी पडलीय. दोन दिसांपासून लाइटीचा भरोसा न्हाई, साहेबाला गारठा सोसत न्हाई." मामांनी गोधडी वर केली.

साहेब काचेजवळ आला आणि माझ्याकडं रोखून बघायला लागला. मी डावी बाजू बघितली, उजवी बघितली, कल्ले, पर, शेपूट, डोळे. एक ठिपका नाही! मी खुर्चीत बसलो आणि मला रडूच आलं. रडत रडतच सगळं सांगून टाकलं. लॉट, भीड, ठिपके, तो फोन, फाट्यावरून परत फिरलो तेही.

मामा उठून न्हाणीघराकडं गेले, मी मागोमाग. तिथं एका मोठ्या टबात हवेची नळी बुडबुडत होती आणि एकच सिल्व्हर डॉलर पोहत होता. अंगावरचे ठिपके पुसट होत आलेले.

"दुसरा चवथ्या दिवशी गेला," मामा म्हणाले. "लय मीठ-औषध केलं, पन न्हाई वाचला बिचारा. हा टिकंल."

टबाच्या वर भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. मी प्रत्येक पिशवीसोबत देतो ती छापील चिठ्ठी. 'नवीन मासे पंधरा दिवस वेगळे ठेवावेत.' इतकी वर्षं वाटतोय, पण ती कुणी वाचल्याचं मी पाहिलं नव्हतं. खाली मामांनी पेनानं पंधरा तारखा लिहून त्यांच्यापुढं रोज एकेक टिक केली होती. दहा झाल्या होत्या, पाच बाकी होत्या.

"छापलं तू," मामा म्हणाले, "पाळलं मी."

मला त्या माणसाला काय देऊ आणि काय नको असं झालं. पुढच्या खोलीत आलो, पिशवीतून जाळी काढली, थर्मामीटर काढलं. म्हटलं साहेबाचं पाणी तरी नीट तपासून देऊ, तळ साफ करून देऊ. बाह्या सरसावल्या आणि हात टाकीत घालणार, एवढ्यात मामांनी माझं मनगट धरलं.

"कुटून आलास तू?"

"दुकानातून, मामा."

"आन ही जाळी?"

"दुकानातलीच..."

मामांनी जाळी माझ्या हातातून काढून घेतली आणि दाराबाहेर उन्हात ठेवली. थर्मामीटर तिच्याशेजारी ठेवलं. साहेबाच्या टाकीवर गोधडी पुन्हा नीट ओढली. मग मी बसलो होतो ती खुर्ची उचलून ओसरीवर नेली, चहा करून कप तिच्या बाजूला ठेवला.

"बस हितं," ते म्हणाले. "पंधरा दिसांनी आत ये."