एकेकरावांच्या दोन जोडण्या

माझ्या भावोजींना ऑफिसात एकेकराव म्हणत. अंध वाचकांसाठी पुस्तकं आवाजात उतरवणाऱ्या संस्थेत त्यांची सव्वीस वर्षं गेली. काचेपलीकडच्या वाचकाचं ध्वनिमुद्रण करायचं आणि संध्याकाळी त्या फायली दूरच्या मुख्य कार्यालयाला पाठवायच्या, हे काम. दहा फायली साचल्या तरी हे एक पाठवणार, ती पोचली का बघणार, मगच दुसरीला हात लावणार. एका बुटाची लेस बांधून झाल्याशिवाय दुसरा बूट न उचलणारा माणूस, आणखी काय सांगू!

काचेपलीकडे एकोणीस वर्षं माझी ताई बसली. आधी त्यांची वाचक, मग बायको. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि भावोजींचं बोलणं आणखीच कमी झालं.

मग कळलं, मुख्य कार्यालयातला जुना सर्व्हर बंद होणार. तयार पुस्तकं नव्या जागी हलवली होती, पण कच्चं ध्वनिमुद्रण कोणाला हवं असणार? भावोजींना हवं होतं. तयार पुस्तकात ताई दुसऱ्यांची वाक्यं वाचते. कच्च्या फायलीत ती खोकते, हसते, "थांबा हो, चुकलं," म्हणते. तिचं स्वतःचं बोलणं जगात तेवढ्याच ठिकाणी उरलं होतं. भावोजींनी अर्ज-विनंत्या करून शेवटच्या दिवसाची परवानगी मिळवली, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच.

मी कॉम्प्युटरचे क्लास घेते, म्हणून मदतीला त्यांच्या घरी गेले. भावोजींनी हिशेब मांडून ठेवला होता. एकशेवीस फायली, एका वेळी दोन, तासाला पंधरा. आठ तासांत बरोब्बर संपणार.

फायली आणणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हरशी बोलायची एक जोडणी असते, आणि प्रत्येक फाइल यायला वेगळी जोडणी उघडते, फाइल आली की मिटते. एका वेळी अशा किती जोडण्या उघडायच्या ते आपण ठरवायचं.

"दोनच्या वर जायचं नाही," भावोजींनी बजावलं.

मला वाटलं, हा त्यांचा नेहमीचा एकेकपणा. दोन म्हणजे त्यांच्या मानाने चैनच! अकरा वाजेपर्यंत तीस फायली आल्या होत्या. ते चहा ठेवायला आत गेले आणि मी दोनचे दहा केले. जेवणाआधी काम उरकेल, माणूस जरा खूश होईल, एवढाच माझा विचार. शिकवणारीला कोण शिकवणार?

एक मिनिट दहाही फायलींच्या पट्ट्या भराभर पुढे सरकल्या. मग सगळ्या एकदम थांबल्या. पडद्यावर लाल अक्षरं आली: ठरल्यापेक्षा जास्त जोडण्या, या कॉम्प्युटरला तीन तास प्रवेश बंद. मी फोन लावले. पण उद्या मोडीत जाणाऱ्या सर्व्हरसाठी आज कोण खुर्चीवरून उठणार?

भावोजी दोन्ही हातांत कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी पडदा वाचला, कप खाली ठेवले आणि खुर्चीत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांपुढे एकच आकडा होता, पंचेचाळीस. तेवढ्या फायली मी घालवल्या होत्या.

"भावोजी, चुकलं माझं."

"तुझी ताई अशीच," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "मी सुरू करा म्हणायच्या आत दोन ओळी वाचून मोकळी. रोज."

दोन वाजता पुन्हा सुरुवात झाली. दोन जोडण्या, दोन फायली. मी हात मांडीखाली दाबून बसले. ताईची इतकी आठवण मला ती गेली त्या दिवशीही आली नव्हती. ती असती तर मला चांगली झापली असती, आणि मला तेच हवं होतं.

पाचला सर्व्हर गेला. पंच्याहत्तर पूर्ण आल्या होत्या. शेवटची अर्धीच राहिली होती. भावोजींनी आधी तीच लावली.

ताई एक परिच्छेद वाचते, अडखळते, पुस्तक मिटल्याचा आवाज येतो. मग अगदी जवळून, "अहो, ऐका ना. जाताना आपल्याला घ्यायचंय ते..." आणि पुढे काही नाही.

त्यांनी ते तीनदा लावलं.

"काय घ्यायचं होतं गं?"

मला कुठून माहीत असणार? आणि ज्या बाईने पुढचं वाक्य बुडवलं तिने अंदाज तरी कोणत्या तोंडाने करायचा? भावोजींनी खुंटीवरची पिशवी काढली आणि निघून गेले.

तासाभराने आले ते पिशवी भरून. अंगाचा साबण, दिव्याचा बल्ब, पांढरा दोरा, डोकेदुखीच्या गोळ्या, रेडिओचे सेल, केसांच्या पिनांचा पुडा. एकेक वस्तू काढून त्यांनी टेबलावर ओळीने मांडली आणि माझ्याकडे बघितलं.

"यातलंच काहीतरी असेल ना?"