पान पासष्ट ते ऐंशी

पुस्तक घ्यावं की नाही हे ठरवणं माझं पोटापाण्याचं काम आहे. बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी सव्वीस वर्षं नोकरी करते. विक्रेते खोकी उघडून टेबलावर मांडतात, मी तीन प्रश्न विचारते. पुस्तक पूर्ण आहे का? टिकेल का? किती जण मागतील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुस्तक हातात घेतलं की मिळतात. खरं अडतं ते तिसऱ्यावर. एकाच वाचकासाठी पुस्तक घ्यायचं नाही, हा माझ्या आधीच्या ग्रंथपालांचा नियम होता. मी तो मोडला नाही.

माझ्या धाकट्या भावाला एक पुस्तक हवं होतं, तेव्हाही मी हेच तीन प्रश्न विचारले.

ते पुस्तक आमच्याकडे होतं, पण अर्धवट. तो कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. आमच्या भागातल्या कागद गिरणीसाठी परदेशातली रद्दी यायची आणि गावातल्याच लालबागेतल्या एका गोदामात तिचे गठ्ठे फोडून पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा केला जायचा. भाऊ चित्रकलेच्या नादाने तिथे जायचा, रंगीत मासिकं किलोवर घेऊन यायचा. एकदा त्याने एक जाड पुस्तक आणलं. पुठ्ठा फाडलेला, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही, प्रकाशक नाही. आत एका नदीकाठच्या शहराची माहिती. शहर कुठल्या देशातलं ते कळेना. नकाशे, वेशी, बाजार, कुठल्या खानावळीत कोण बसतो, कुणाचं कुणाशी वैर. दोन दिवस वाचल्यावर तो म्हणाला, "ताई, हे शहर खोटं आहे. हे खेळायचं आहे."

त्याने मला खेळ समजावला तो असा. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करणार ते बोलतात. मी भिंतीवर चढतो, मी पहारेकऱ्याला पैसे चारतो. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. पुस्तकात दहा बाजूंच्या फाशाचा उल्लेख होता. तसला फासा बुऱ्हाणपुरात कोण देणार? त्याने घरातल्या हाउजीच्या संचातले एक ते दहा आकडे काढले आणि आईने शिवलेल्या कापडी पिशवीत टाकले. पिशवी हलवायची, हात घालायचा, आकडा काढायचा. बाकीचे नियम त्याने मनानेच बसवले, कारण पुस्तकात ते कुठे सापडत नव्हते.

खेळायला दोघं यायचे. एक जवळच्या शाहपूरचा, घरची केळीची बाग. दुसऱ्याचे गावात यंत्रमाग होते. दर रविवारी दुपारी दोनला बसायचे, पाचला चहा, मग नदीवर राजघाटाला चक्कर. शाळेत ड्रॉइंगमास्तर झाल्यावरही भावाने हा क्रम सोडला नाही. त्या दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, रविवार तसाच राहिला. भावाने लग्न केलं नाही, मीही नाही. आईवडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच. मी आत भाजी निवडत असायची आणि बाहेरून शाहपूरवाल्याचा आवाज यायचा, "मी त्याची गचांडी धरली! काय करून राहिला तो आता, सांग!"

पुस्तकाचा एक फर्मा गळालेला होता. फर्मा म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, या पुस्तकात सोळा पानांचा. पुठ्ठा ओरबाडताना दोरा तुटला असणार. चौसष्टाव्या पानानंतर एकदम एक्क्याऐंशी. आणि चौसष्टावं पान नेमकं वाक्याच्या मध्ये संपत होतं. "उत्तर दरवाज्यामागे जे राहतात त्यांच्याविषयी शहरात कुणी बोलत नाही, कारण". पुढे एक्क्याऐंशीवर दिव्याच्या तेलाचे भाव.

त्या "कारण"ने भावाला धरून ठेवलं. त्याने स्वतः सोळा पानं लिहिली, वहीच्या कागदावर, आणि सुई-दोऱ्याने मध्ये शिवून टाकली. त्याच्या पानांत उत्तर दरवाज्यामागे पाणके राहतात. आपल्या गावाखालून जसे पाण्याचे जुने बोगदे गेलेत, कुंडी भंडाऱ्याचे, तसे बोगदे त्यांनी खणलेत आणि सगळ्या शहराचं पाणी त्यांच्या हातात आहे. म्हणून त्यांच्याविषयी कुणी बोलत नाही. दोघं मित्र यावर खूश होते. भाऊ नव्हता. "हे माझं आहे, ताई. पुस्तकात काय असेल?" हे मी वीसेक वर्षं ऐकलं.

मग घरी इंटरनेट आलं. त्याने शहराचं नाव टाकलं आणि दहा मिनिटांत सगळं निघालं. पुस्तकाला नाव होतं, मालिका होती. आपल्याकडे आहे ते नियमांचं पुस्तक नाहीच, मूळ खेळाला जोडून निघालेलं माहितीचं पुस्तक आहे. नियम वेगळ्या पुस्तकात. सगळंच छापायचं केव्हाच बंद झालेलं.

यंत्रमागवाला हसून हसून पालथा पडला. "मतलब वीस साल आपण बिना इंजिनची गाडी ढकलत होतो?"

"ढकलत होतो, पण पोहोचत होतो ना," शाहपूरवाला म्हणाला.

तोपर्यंत भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा आम्ही गाडीने जळगावला डायलिसिसला जायचो. रविवारचा खेळ चालू होता, पण तो तक्क्याला टेकून सांगायचा आणि चारपर्यंत दमायचा. एक दिवस मी कॉलेजातून आले तर त्याने मला हाताने खूण करून कॉम्प्युटरजवळ बोलावलं. परदेशातला एक म्हातारा विक्रेता घरातला जुना संग्रह काढत होता. तीन पुस्तकं. मूळ नियमांचं, दुसऱ्या एका शहराचं, आणि हे.

"ताई, बघ."

मी बघितलं. नियमांचं पुस्तक नको, नियम तुम्ही केलेत. दुसरं शहर नको, एकच पुरतंय. हे तिसरं घ्यायचं का, एवढाच प्रश्न. टपाल धरून किंमत माझ्या अर्ध्या पगाराच्या पुढे जात होती, पण अडचण ती नव्हती. पैसे होते. अडचण माझ्या सवयीची होती.

"आधी विचारू," मी म्हणाले. "वर्णनात वाचण्याजोगी प्रत लिहिलंय. वाचण्याजोगी म्हणजे काय? आपलीही वाचण्याजोगीच आहे."

मी इंग्रजीत पत्र लिहिलं, ऑफिसात लिहिते तसं. पान पासष्ट ते ऐंशी आहेत का, कृपया मोजून कळवा. नऊ दिवसांनी उत्तर आलं, आहेत. मग मी ओल लागली आहे का विचारलं. पुन्हा आठवडा. नाही. मग बांधणीचे फोटो मागितले. पाठ, कोपरे, आणि ज्या फर्म्याविषयी विचारते आहे त्याची शिलाई दिसेल असं उघडून.

भाऊ म्हणाला, "पुस्तक आहे ताई, स्थळ नाही. किती चौकशी?"

"स्थळाला नाही म्हणता येतं. परदेशातून आलेलं पुस्तक परत कोण पाठवणार?"

तो हसला. हसल्यावर त्याला धाप लागायची, म्हणून मी त्या दिवसांत फार विनोद करत नव्हते.

फोटो आले त्या दिवशी तो चटईवर बसून पेन्सिलीला टोक करत होता. पुढच्या रविवारसाठी नकाशा काढायचा होता. मी चष्मा लावला, तिन्ही फोटो एकेक करून मोठे केले. पाठ थोडी उडालेली, कोपरे ठीक, दोरा शाबूत.

"काय आलं?" त्याने विचारलं.

"शिलाई पक्की आहे."

"बरं," तो म्हणाला, आणि फुंकर मारून भुसा उडवला.

तेव्हा तरी पैसे पाठवायला हरकत नव्हती. पण त्या म्हाताऱ्याने फोटोंखाली लिहिलं होतं की आणखी कुणी विचारलेलं नाही, किंमत थोडी कमी करता येईल. कुणी विचारलेलं नाही म्हटल्यावर माझ्यातली ग्रंथपाल सैल झाली. पुस्तक कुठे जात नाही. मी किती कमी करता ते विचारणारं पत्र पाठवलं.

त्याच आठवड्यात भाऊ गेला. जळगावला, डायलिसिसच्या खुर्चीवर. मी बाहेर औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होते. माझ्यापुढे दोन माणसं होती. कुणी नाव घेऊन हाक मारली, मी जागा धरून ठेवायला मागच्या बाईला सांगितलं आणि आत गेले. परत रांगेत यायची गरज पडली नाही.

पुस्तक कुठे गेलं नव्हतं. तेरावा झाल्यावर मी ते मागवलं, पूर्ण किमतीला, एकही प्रश्न न विचारता. का मागवलं ते सांगता येत नाही. ग्रंथालयात कुणी असं केलं असतं तर मी कारण लेखी मागितलं असतं.

सव्वा महिन्याने कॉलेजच्या पत्त्यावर खोकं आलं. मी ते आतल्या खोलीत नेलं, जिथे आम्ही नव्या पुस्तकांवर शिक्के मारतो, आणि उभ्यानेच सुरीने फोडलं. पान चौसष्ट. पान पासष्ट. "कारण ते कर देत नाहीत आणि नगरसभेच्या नोंदवहीत त्यांची नावं नाहीत." खाली करांचा तक्ता होता. कुठल्या मालावर किती.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग जेवणाची सुट्टी संपली म्हणून बाहेर टेबलावर जाऊन बसले.

रविवारी दोघं आले. भाऊ गेल्यापासून ते येत होते, पण पिशवी काढत नव्हते. चहा पिऊन जायचे. मी पुस्तक पुढ्यात ठेवलं आणि ते वाक्य मराठीत सांगितलं.

"बस?" शाहपूरवाला म्हणाला. "टॅक्स?"

"टॅक्स."

"त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, लेखकाला काही सुचलं नाही."

"म्हणाला असता," मी म्हणाले. "पण मग निवांत झाला असता."

शाहपूरवाल्याने नवं पुस्तक हातात घेतलंच नाही. त्याने भावाचं जुनं उचललं, वहीची पानं शिवलेलं, आणि विचारलं, "ताई, हे मी नेऊ का? माझी पोरगी म्हणते मला शिकव." मी हो म्हणाले. पिशवीपण दिली. आत एक ते दहा आकडे आहेत का ते मोजून दिली. सातचा नव्हता. तो तक्क्याखाली सापडला.

यंत्रमागवाला नवं पुस्तक चाळत होता. तोडून बोलणारा माणूस नाही, सहज म्हणाला, "दीदी, तुम्ही फोटो मागवले होते ना? तेव्हाच ह्या पानाचा एक मागवून घ्यायचा. दाखवून टाकायचा त्याला." आणि बोलल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. "नाही म्हणजे, कुणाला सुचतं हो तेव्हा," असं पुटपुटून त्याने कप उचलून आत नेऊन ठेवला, जे त्याने वीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

मला सुचायला हवं होतं. सोळा पानं होती. म्हाताऱ्याच्या हातात पुस्तक होतं, कॅमेरा होता. मी त्याच्याकडे पाठ मागितली, कोपरे मागितले, दोरा मागितला. एक ओळ मागितली असती तर त्याने तीही पाठवली असती. माझ्या कामात पुस्तकात काय लिहिलंय हे विक्रेत्याला विचारत नाहीत. ते वाचक बघतो. आणि वाचक समोर चटईवर बसलेला होता.

ते गेल्यावर मी पत्रं उघडली. फोटो अजून होते. तिसरा, शिलाईचा. दोरा फर्म्याच्या मधोमध दिसतो, हे मला माहीत आहे, म्हणूनच मी तसा मागितला होता. त्यामुळे म्हाताऱ्याने पुस्तक बरोबर पान बहात्तर-त्र्याहत्तरवर उघडून धरलं होतं, डाव्या कडेला त्याचा अंगठा. मी तेव्हा फक्त दोरा बघितला. फोटो जवळून काढलेला, तरी दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा नकाशा आला होता. उत्तर दरवाजाच. कमान, तिच्यावर दोन बुरुज, आत शिरणारी एक गल्ली, आणि गल्लीच्या कडेने निळी रेघ, बहुतेक नाला. तो फोटो कॉम्प्युटरवर पाच-सहा दिवस होता, भाऊ बसायचा तिथून चार हातांवर.

नवं पुस्तक माझ्या कपाटात आहे. ते कुणी मागत नाही. पूर्ण आहे, टिकेल. नकाशा दोन पानं भरून आहे, पण मी तो उघडत नाही. बघायचा तर फोटोतला बघते, बोटभर. एवढ्यावरून त्याने बाकीचा काढला असता.